नाखवांचा दुसरा नारळ

आमच्या इमारतीतले नाखवा बोलायला लागले की पलीकडच्या इमारतीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. नाखवा भांडत नसत. 'दूध आलं काय?' एवढंच विचारत असत. मी लग्न होऊन खांदा कॉलनीत राहायला आले तेव्हा तळमजल्यावरच्या माणसाला एवढा आवाज कशाला हवा, म्हणून मी फार वैतागायचे. पुढे कळलं की नाखवा म्हणजे होडीचा मालक, आणि निम्मं आयुष्य वाऱ्यावर ओरडण्यात गेलेल्या माणसाला चार भिंतींत हळू बोलणं जमत नाही. होडी त्यांनी केव्हाच विकली होती, पण आमची इमारत त्यांनी होडीसारखीच चालवली. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की ते जिन्यात उभे राहून गर्जायचे, "होरी कोरडी पडली रं! पंप लावा!" आणि आमचे चेअरमन, जे बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, लुंगी सावरत पंप लावायला पळायचे.

मी तळोज्याला रसायनांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होते. पहिल्या पाळीची बस कॉलनीच्या कोपऱ्यावर यायची आणि माझी रोज तिच्याशी शर्यत. मुलीची वेणी, तिचा डबा, माझा डबा, नवऱ्याचे न सापडणारे मोजे, हे सगळं उरकून मी धडपडत खाली उतरले की नाखवा ओट्यावर बसून दात घासत असायचे. "ताफा थांबत नाय, बाय!" ते तोंडातल्या फेसासकट ओरडायचे. बस गेलेली दिसली की मी तोंड पाडून परत फिरायचे, तोवर हा माणूस चूळ भरून, स्कूटर काढून फाटकाशी तयार. "बसा मागं." पुढच्या थांब्यावर आम्ही बसला गाठायचो. असं इतक्यांदा झालं की बसचा ड्रायव्हर स्कूटर ओळखायला लागला. एकदा मी म्हटलं, "काका, ताफा थांबत नाही म्हणता, मग मला सोडायला कशाला येता?" तर म्हणाले, "थांबत नाय म्हनून तर कोनालातरी मागं फिरावं लागतं." मला ते उगाच मोठं बोलणं वाटलं. मी पदर सांभाळत मागे बसले.

मी साताऱ्याकडची, त्यातून शाकाहारी. म्हणजे नाखवांच्या हाती आयतं कोलीतच. "तुमा घाटावरच्यांची पान्याशी वलख विहिरीपुरती," ते चारचौघांत सांगायचे. रविवारी त्यांच्या घरी कालवण शिजलं की माझ्यासाठी वाटीभर वेगळं यायचं, नारळाच्या दुधातलं, आमसूल घातलेलं, मासा न शिवलेलं. वाटी हातात देताना ते डोळे मिचकावून म्हणायचे, "खुशाल खा, मासा आताच उठून गेलाय." सासूबाई ती वाटी आधी हुंगायच्या आणि मग माझ्याआधी संपवायच्या. काकी, म्हणजे नाखवांची बायको, हे ऐकून पोट धरून हसायची.

असा हा दर्यावर्दी माणूस पाण्यावर मात्र कधी जात नसे. हे मला आमच्या सोसायटीच्या सहलीत समजलं. सगळ्यांनी मिळून लाँचनं घारापुरीला जायचं ठरवलं होतं आणि ठरवणारे, आवाज देऊन सगळ्यांना उठवणारे, म्हाताऱ्यांना हात धरून लाँचमध्ये चढवणारे नाखवाच होते. सगळे चढले, दोर सुटला, तरी हे धक्क्यावरच. "नाखवा, चला की!" सगळे ओरडले. त्यांनी हातानंच 'जा' म्हणून खुणावलं. संध्याकाळी आम्ही परत आलो तर त्याच जागी बसलेले. दिवसभर तिथून हलले नव्हते. चेअरमननी टाळी मागत विचारलं, "काय नाखवा, उलटी होते की काय?" सगळे हसले. नाखवाही हसले, पण माणसं मोजल्याशिवाय त्यांनी कोणाला बसमध्ये बसू दिलं नाही.

त्याचं कारण कळलं ते आम्ही गाडी घेतली त्या वर्षी. नारळी पौर्णिमेला नाखवा न चुकता उरणच्या पुढे, समुद्रकाठच्या आपल्या गावी जायचे. काकींचे गुडघे दुखत होते, म्हणून मी म्हटलं, आम्ही सोडतो. जासईच्या पुढे आमची गाडी कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये अशी अडकली की पुढे पेटी, मागे पेटी, दोन्ही बाजूंना पेट्या. माझा नवरा हॉर्न वाजवून वाजवून थकला. नाखवांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दोन नारळ. एकाला सोनेरी कागद, रेशमी दोरा, हळदकुंकू. दुसरा तसाच, बाजारातून आणलेला. मला वाटलं, तो घरच्या चटणीचा असेल.

गावात बाजा, गुलाल, दागिन्यांनी मढलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष. वाजतगाजत मिरवणूक धक्क्यावर आली. गावाचा मानाचा नारळ पाण्यात गेला, घरोघरीचे नारळ गेले, त्यात नाखवांचा सोनेरीही गेला, आणि माणसं नाचायला लागली. तेव्हा नाखवा एकटेच धक्क्याच्या पार टोकाला गेले. त्यांनी तो साधा नारळ दोन्ही हातांत धरला आणि बाजाच्या वरताण आवाजात समुद्राला ओरडून सांगितलं, "धर्माचा पोर आयलाय!" मग नारळ हलकेच पाण्यात सोडला. माझ्याजवळ हिराजीबाबा म्हणून गावातले एक म्हातारे उभे होते, त्यांनी मुद्दाम पाठ फिरवली. "सनाच्या दिशी मेलेल्यांचा नारल," ते पुटपुटले. "गोऱ्यांचा नारल. एक दिस दर्या कोपंल."

परतीच्या वाटेवर मी विचारलं आणि नाखवांनी सांगितलं. धर्मा हा त्यांचा बाप. दुसऱ्या महायुद्धात तो एका मालवाहू आगबोटीवर खलाशी होता, भट्टीत कोळसा ओढायचा. पाणबुड्यांच्या भीतीनं तेव्हा पुष्कळ आगबोटी मिळून ताफ्यानं जायच्या आणि भोवती राखणीला दोनचार मनवारी. मनवार म्हणजे लढाऊ जहाज. पुस्तकात तिला विनाशिका म्हणतात, असं मी मध्येच शहाणपणानं सांगितलं. "नाव ठेवनाऱ्यानं तिला जाली टाकताना बघितली नसंल," नाखवा म्हणाले. ताफ्याचा नियम एकच होता, कोणी बुडालं तरी बाकीच्यांनी थांबायचं नाही. थांबलं की पाणबुडीला आयतं सावज.

धर्माच्या बोटीला पाणबुडीचा पाणतीर लागला आणि ती थोड्याच वेळात गेली. पाणी इतकं गार की आपले हात आपले वाटेनात. बाकीच्या बोटी एकामागून एक शेजारून निघून गेल्या. "बाप सांगायचा, कठड्याशी मानसं उभी होती, पन आमच्याकडं बघत नव्हती. त्यांचा दोष नाय. ताफा थांबत नाय." मग राखणीतली एक मनवार वळली. तिनं कडेला दोरांची जाळी सोडली. एका पोरगेल्या गोऱ्या खलाशानं, ज्याच्या तोंडभर तिळासारखे ठिपके होते, जाळीवर खाली उतरून धर्माला मानगुटीला धरून वर घेतलं. घोंगडी दिली, चहा पाजला. मग आपल्या छातीवर बोट ठेवून स्वतःचं नाव सांगितलं आणि धर्माच्या छातीवर बोट ठेवून त्याचं विचारलं. धर्मानं सांगितलं. पोरगा हसला आणि त्यानं ते दोनतीनदा म्हणून बघितलं, "धर्मा, धर्मा."

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या मनवारीलाच पाणतीर लागला. भाकरी मोडावी तशी ती मधोमध मोडली. धर्मा पुन्हा पाण्यात. त्याला एका दुसऱ्या बोटीनं उचललं, पण मनवारीवरची फार थोडी माणसं वाचली, आणि ठिपक्यांचा तो पोरगा त्यांत नव्हता. ज्यांनी मागं फिरून याला काढला, ते गेले आणि हा राहिला. महिन्यांनी धर्मा गावी पोचला. त्याला सगळं आठवत होतं, चहाची गोडी, घोंगडीचा वास, पोराचे दात. फक्त नाव आठवेना. थंडीनं कुडकुडताना ऐकलेलं परक्या भाषेतलं नाव, एकदाच ऐकलेलं. आयुष्यभर त्याला ते लागून राहिलं. म्हणून नारळी पौर्णिमेला तो दुसरा नारळ घेऊन जायचा आणि स्वतःचं नाव सांगायचा. म्हणायचा, "मी त्याचा नाव इसरलू, पन तो माजा इसरला नसंल."

गावानं तेव्हाही त्याला बोल लावला होता. सणाच्या दिवशी मेलेल्यांसाठी काही करू नये, आणि ज्यांचं राज्य घालवायला लोक तुरुंगात गेले त्यांना नारळ कसला? धर्मा म्हणायचा, "मेल्याचा नाय, वाचवल्याचा हाय." तो गेल्यावर नाखवा जायला लागले. "आनि होडी?" मी विचारलं. बंदर आलं, मासळी गेली, म्हणून होडी विकली, असं कॉलनीत सगळे सांगायचे. नाखवा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाप होता तवर मना भीती नव्हती. तो गेला आनि वाटाया लागलं, दर्यानं त्याला दोनदा सोडला. तिसऱ्यांदा आमच्या घरातलं कोनी हाताला लागलं तर सोडनार नाय. म्हनून काठावर उभा ऱ्हातो, नारल देतो, घरी येतो." त्या दिवशी ते इतक्या हळू बोलले की माझ्या नवऱ्यानं गाडीतलं गाणं बंद केलं.

नाखवांना मुलगा नव्हता. एक मुलगी, विमल, जासईला दिलेली. तिची प्राची मात्र कॉलेजसाठी आजोबांकडे राहायची आणि आवाज अगदी त्यांच्याचसारखा. दोघं घरात गप्पा मारत बसले की भांडण सोडवायला यावं की काय, असं वाटायचं. ही पोरगी एक दिवस पेढे घेऊन माझ्याकडे आली. व्यापारी जहाजावर अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली होती. "आबांना सांगितलंस?" मी विचारलं. तिनं मान खाली घातली.

सांगितल्यावर नाखवांचा आवाज बंद झाला. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. जेवेनात. टाकी रिकामी झाली तरी जिन्यात कोणी गर्जलं नाही आणि आमची इमारत आंघोळीवाचून राहिली. पलीकडच्या इमारतीतली माणसं चौकशीला आली, काकांना बरं नाही का? विमल रडत माझ्याकडे आली, म्हणाली, "ताई, तुमचं ऐकतील, चला." मी गेले, पण मला बोलायची वेळच आली नाही. प्राची आजोबांसमोर जमिनीवर बसली होती.

"आबा, मी नाही गेले तर सुखी व्हाल?"

"जिवंत ऱ्हाशील."

"तुमच्या बाबांना ज्यानं वर ओढलं, त्या पोराला पण आजोबा असतील ना? त्यांनी त्याला घरात कोंडून ठेवला असता तर?"

नाखवांनी तिच्याकडे बघितलं. मीही बघतच राहिले. एवढी वर्षं ती गोष्ट ऐकत होते, त्या पोरालाही घर असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. काकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. मग नाखवा भिंतीला हात टेकून उठले आणि म्हणाले, "जेवन वाढ." दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या खांदा कॉलनीला कळलं की नाखवांची नात जहाजावर चालली आहे. पेपरात छापायची गरजच पडली नाही.

प्राची गेली, पहिली फेरी करून आली, पुन्हा गेली. नाखवांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि मुलांना दटावून भूगोल विचारायला लागले. एकदा तिचं जहाज अशा समुद्रातून जाणार होतं जिथे जहाजांवर हल्ले होत होते. टीव्हीवर दिवसरात्र तेच. नाखवा टीव्हीसमोरून हलेनात. घारापुरीच्या सहलीत धक्क्यावर बसले होते तसेच बसून होते. मी पाळीहून येताना रोज डोकावायचे. अशीच एकदा तिथे असताना प्राचीचा फोन आला आणि दोघांच्या आवाजामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आबा, काळजी करू नका, आपल्या नेव्हीचं जहाज सोबत आहे. तुमची मनवार!"

"पुढं हाय का मागं?"

"मागे आहे, आबा."

"मंग जेव आनि झोप," नाखवा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. टीव्हीही बंद केला. मला म्हणाले, "बसा, चहा घेऊन जा." त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांना गाणं गुणगुणताना ऐकलं. सूर भयंकर होता.

त्यानंतर त्यांना एकच घोर होता. दुसऱ्या नारळाचं काय? प्राची म्हणायची, मी नेईन, पण तिचं काय, श्रावणात ती कुठल्या समुद्रात असेल सांगता येत नाही. गावाकडे एक पुतण्या होता, भला माणूस, पण त्याला हे सगळं खुळेपण वाटे. "बापाचं एक काम माज्या हातून तुटाया नको," असं ते मला दोनदा म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हीच शंभर वर्षं नेणार आहात." असं आपण म्हणतोच.

गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेला आठवडा असताना, नाखवा झोपेतच गेले. प्राची दूर समुद्रात होती, तिला येता आलं नाही. पुतण्यानं अग्नी दिला. आवाज गेला की घर किती मोठं होतं, ते मला त्या दिवसांत कळलं. इमारतीत सगळे हळू बोलत होते आणि ते ऐकवत नव्हतं. मग विमल म्हणाली, "ताई, घरात सुतक. वर्षभर सण नाही. आमच्यापैकी कोणाला धक्क्यावर जाता येणार नाही. आबांचा नारळ यंदा चुकणार." ती रडत होती आणि मला मात्र एकदम मोकळं वाटलं. मला कसलं सुतक? मी त्यांची कोणीच नव्हते. मनवारीवरचे ते लोक तरी धर्माचे कोण होते?

मी पनवेलच्या बाजारातून नारळ आणला, साधाच. नवरा बरोबर होता, जासईचे ट्रेलर होते, सगळं तसंच. धक्क्यावर पोचले तेव्हा मी नारळ पदराखाली घेतला. घाटावरची, परकी बाई, सणाच्या दिवशी गोऱ्यांचा नारळ घेऊन आलेली. हिराजीबाबांनी हाकललं तर काय बोलायचं, ते मी गाडीत पाठ करत आले होते. गावाचा मानाचा नारळ पाण्यात गेला. घरोघरीचे गेले. आता बाजा वाजेल, माणसं नाचतील आणि त्या गलक्यात मी गुपचूप टोकाला जाईन, असं मी ठरवलं होतं. पण बाजा वाजेना. कोणी नाचेना. सगळे धक्क्याच्या टोकाकडे बघत होते.

टोकाला हिराजीबाबा उभे होते. त्यांच्या हातात एक साधा नारळ होता. मी जवळ गेले तसे ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुतक नाखवाच्या घराला हाय. गावाला नाय." मग त्यांना माझ्या हातातला नारळ दिसला. त्यांनी मान डोलावली आणि मला जागा करून दिली.

त्यांचा आवाज म्हातारा, चिरका. नाखवांसारखा नव्हता. पण त्यांनी छाती भरून घेतली आणि ओरडून सांगितलं, "धर्माचा गाव आयलाय!" आणि मागे उभी असलेली सगळी माणसं, बाया, पोरं एकदम ओरडली, "आयलाय!"

मला रडू आवरेना. गाडीत पाठ केलेलं सगळं मी विसरून गेले. मी खाली वाकले, नारळ पाण्यात सोडला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून माझं नाव सांगितलं, जमेल तेवढ्या मोठ्यानं.